आजीची भिंत आणि माझ्या चौकटी

(वस्तीतल्या वाचनालयात पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



तुम्ही मला चित्रकार म्हणून बोलावलंत. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. आजवर लोकांनी मला पेंटर म्हणूनच हाक मारली. पेंटर आणि चित्रकार यांच्यातला फरक तुम्हांला सांगायला नको. पेंटर शिडीवर चढतो, चित्रकार गॅलरीत उभा राहतो. पेंटरला रोज मिळतो, चित्रकाराला मानधन. पेंटरचं काम उन्हात जळतं, चित्रकाराचं काचेमागं टिकतं. मी आयुष्यभर शिडीवरच होतो, त्यामुळं इथं खाली उभं राहून बोलताना पाय थोडे लटपटताहेत. सांभाळून घ्या.

मी दोन गोष्टी सांगणार आहे. एक माझी, आणि एक मध्य प्रदेशातल्या एका गोंड नवराबायकोची. त्या दोघांना मी कधी भेटलो नाही. पण त्यांचं एक पुस्तक हातात पडलं आणि माझी तीस वर्षांची कारागिरी उघडी पडली.

आधी माझी.

मी नायगावच्या चाळीतला. बाप गिरणीत. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झालो, तेव्हा बापानं रंगाची पेटी आणून दिली. इंटरमिजिएटच्या वर्षी मी पिवळी साडी आणि निळं दार असं चित्र काढलं, तर मास्तर म्हणाले, "तुमच्या लोकांना रंग भडकच लागतात." 'तुमच्या लोकांना' म्हणजे कुणाला, हे वर्गाला लगेच कळलं. मला जरा उशिरा कळलं. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. चूल थंड पडली तेव्हा आईनं मला आणि धाकट्या बहिणीला गावी आजीकडं पाठवलं. इंटरमिजिएट राहिली ती राहिलीच.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मसूर स्टेशनला उतरून पुढं यष्टीनं जायचं. हे मसूर लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आजीचं घर मातीचं. ती दर सणाला भिंत सारवायची, आणि ओल्या भिंतीवर पांढऱ्या मातीनं आणि गेरूनं बोटांनी चित्रं काढायची. ब्रश नाही, पट्टी नाही. 1956 ला आजोबांनी घरातले देव नदीत सोडून दिले, तेव्हा देवाचा कोनाडा रिकामा राहिला. म्हातारीला ते रितेपण बघवेना. तिनं कोनाड्याभोवती पिंपळपानं काढली. मग पानांच्या खाली एक विहीर काढली. विहिरीत मासे, काठावर बाया, आणि बायांच्या हातात घागरी. गावाच्या विहिरीवर तिला जन्मात घागर बुडवू दिली नव्हती. भिंतीवर मात्र तिनं विहीरच काढली, आणि स्वतःला अगदी काठावर उभं केलं.

तेरा वर्षांचा मी तिच्या बाजूला बसून ठिपके द्यायचो. ती म्हणायची, "बोट दाबू नगंस, टेकव." माझं चित्रकलेचं पहिलं शिक्षण हेच. पण हे शिक्षण आहे असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मला स्वतःला कळण्याइतकी अक्कल नव्हती.

मुंबईला परत आलो तो एका साइनबोर्ड पेंटरच्या हाताखाली लागलो. पाच रुपये रोज. ब्रश धुवायचे, डबे उचलायचे, निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून फट्‌कन सोडायची म्हणजे सरळ रेघ उठते. उस्तादानं मला ग्राफ शिकवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅलेंडरावरच्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी पाडायच्या. भिंतीवर तेवढ्याच चौकटी पाडायच्या, पण मोठ्या. मग या चौकटीतला कान त्या चौकटीत, या चौकटीतला चष्मा त्या चौकटीत. डोकं वापरायचं कारण नाही. हात चालला म्हणजे झालं. चौकट चुकली नाही तर बाबासाहेब चुकत नाहीत.

असे मी किती बाबासाहेब काढले त्याची मोजदाद नाही. निळा कोट, हातात पुस्तक, वर केलेलं बोट. परळ, वरळी, चेंबूर, घाटकोपर. 14 एप्रिल जवळ आला की मला झोप नसायची.

1991 साल. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष. गावच्या पोरांनी बोलावणं धाडलं. आजीचं घर रस्त्याला लागून, भिंत मोठी, दर्शनी. मी चुना कालवला आणि आख्खी भिंत पांढरी केली. पिंपळपानं गेली, विहीर गेली, बाया गेल्या. दोरी मारली, चौकटी पाडल्या आणि दोन दिवसांत बारा फुटी बाबासाहेब उभे केले. गाव बघायला आलं. ज्यांनी आमच्या आळीत कधी पाऊल टाकलं नव्हतं तेही लांबून बघून गेले. माझी छाती फुगली.

आजी काठी टेकत आली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बाबा लई झ्याक काढलास रं लेकरा. पन माजी हीर कुटं गेली?"

मी हसलो. म्हणालो, "आजी, ती काय चित्रं होती व्हय?"

ती काही बोलली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर ती गेली. त्या विहिरीचा एक फोटोसुद्धा कुणाकडं नाही.

आता माझा दोस्त. तो मागच्या बाकावर बसलाय, नाव घेतलं तर उठून जाईल. तो लिहितो, मी रंगवतो. चाळीत आमची जोडी होती. तो ओळ द्यायचा, मी ती बॅनरवर बसवायचो. याला आम्ही एकत्र काम म्हणायचो. खरं म्हणजे ते एकत्र काम नव्हतं. तो त्याचं करायचा, मी माझं, आणि दोन्ही एका कापडावर चिकटवायचो.

11 जुलै 1997. घाटकोपरची रमाबाई नगर. पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा जण मेले. दोस्तानं त्या रात्री एक लांब कविता लिहिली. मेलेल्यांच्या चपलांवर, दुधाच्या पिशवीवर, नळाच्या रांगेवर. मी पोस्टर केलं. तो सकाळी बघायला आला आणि भडकला. "साल्या, माणसं कुठायत? मी मेलेल्या माणसांवर लिहिलंय आणि तू पुन्हा कोट काढलास!" आणि खाली कोपऱ्यात मी माझं नाव टाकलं होतं, त्याचं टाकायला विसरलो होतो. विसरलो होतो म्हणतो, पण आता वय झालंय, खोटं कशाला बोलू? विसरलो नव्हतो. जागा कमी होती आणि मी माझं आधी टाकलं.

आम्ही चौदा वर्षं बोललो नाही. दरम्यान फ्लेक्स आला. मशीन एका तासात पन्नास फुटी बाबासाहेब ओकतं, त्याच्यापुढं माझा ग्राफ काय करणार? मी शिडी विकली आणि इमारती रंगवायला लागलो.

6 डिसेंबर 2011. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या गर्दीत भाचीनं एक पुस्तक उचललं. 'भीमायन'. इंग्रजी. दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं त्याच वर्षी काढलेलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्र वाचता येतं. पहिली पानं उघडली आणि हात थांबले. सबंध पुस्तक चित्रांतलं, आणि पानावर चौकटच नाही! चित्रकथा म्हटलं की चौकोनामागं चौकोन असतात. इथं काहीच नाही. नक्षीची एक वळणदार पट्टी येते, पान दुभागते, माणसं तिच्या अल्याडपल्याड मोकळी फिरतात.

चित्रं काढणारी दोघं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम. परधान गोंड. गोष्ट लिहिणारी दोघं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद. चौघांची नावं पुस्तकावर आहेत. मी आधी नावंच शोधली. ज्याची खोड त्याला ठाऊक.

भाचीनं घरी येऊन वाचून दाखवलं. बाबासाहेबांनी स्वतःवर गुदरलेले प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवून ठेवलेत, त्यावर पुस्तक उभं आहे. साताऱ्याची शाळा, जिथं शिपाई असेल तरच वरून पाणी मिळायचं. 1901 सालचा प्रवास, भावंडं बापाला भेटायला निघालेली, उतरली कुठं? मसूर स्टेशनला! जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला, गाडीवाले यायला तयार होईनात, शेवटी दुप्पट भाड्यात पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवाला बाजूनं चालला. रात्रभर पाणी नाही. ज्या स्टेशनावर मी शेकडो वेळा उतरलो, चहा प्यालो, तेच स्टेशन. मग 1917 चं बडोदं, पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढलेला, परदेशात शिकून आलेला माणूस बागेत बसलाय. 1929 चं चाळीसगाव, टांगेवाला मिळेना म्हणून आपल्याच अडाणी माणसानं टांगा हाकला आणि पुलावर अपघात झाला. 1934 चा दौलताबाद, हौदातल्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून धावून आलेले लोक.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण मी कधी काढलं नव्हतं. मी फक्त कोट काढला. व्यामांनी काय काढलं? तहानलेल्या पोराच्या अंगात मासे काढले. दौलताबादचा किल्ला हिंस्र जनावर करून काढला. महाडच्या सभेत कर्ण्यातून शब्दांऐवजी पाण्याच्या धारा काढल्या. आणि बोलणं दाखवायचे ते फुगे बघा. सोसणाऱ्याचं, मायेचं बोलणं पाखराच्या आकारात. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. न शिकलेल्या माझ्या आईला मी पान दाखवलं. तिनं नांगीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो बामन दिसतोय का तलाठी?" वाचता न येणारी बाई पुस्तक वाचत होती.

मग मी चौकशी केली, भाचीकडून वाचून घेतलं, की ही माणसं कोण, कुठं शिकली. दुर्गाबाई मंडला जिल्ह्यातल्या बरबसपूरची. सहा वर्षांची असताना आजीकडून डिगना शिकली. डिगना म्हणजे लग्नाला, सुगीला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर बोटांनी काढायची नक्षी. 'भीमायन'चं पान दुभागणारी ती वळणदार पट्टी म्हणजे हीच डिगना! सुभाष मातीत काम करत इथवर आलेला. परधान हे गोंडांचे भाट. बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या वंशावळी आणि बडादेवाच्या कथा गाणारे. म्हणजे आपल्या शाहीर-जलशेवाल्यांचे भाऊबंदच म्हणा. गाण्याचे आश्रयदाते गेले, भाकरी गेली, तेव्हा गाणं चित्रात आलं.

हे आणणारा पहिला माणूस जनगडसिंग श्याम, पाटणगढचा, व्यामांचा सोयरा. 1981 साली चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांना त्याची भिंतीवरची चित्रं दिसली. तो भोपाळला आला, आणि फेब्रुवारी 1982 मध्ये उघडलेल्या भारत भवनात त्याचं काम लागलं. म्हणजे बघा, त्याच महिन्यांत इकडं गिरण्या बंद पडत होत्या आणि मी आजीच्या भिंतीवर ठिपके देत होतो. 1989 ला जनगड पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचला. त्याच्या शैलीला 'जनगड कलम' असं त्याचंच नाव लागलं. आणि 2001 साली, जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून इतक्या लांब त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. कलेची किंमत वाढली, कलावंताची वाढत नाही. दुर्गाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली, चांगलं झालं. पण आदिवासी चित्राला 'लोककला' म्हणायचं आणि लोकाचं नाव पाटीवर टाकायचं नाही, ही प्रस्थापितांची जुनी खोड. त्यांच्या सौंदर्यशास्त्रात आमच्या आज्या निनावीच असतात.

आणि मी कोण लागून गेलो? मी तर आपल्याच आजीवर चुना फिरवला. इथं मला प्रस्थापितांना शिव्या घालून सुटता येत नाही.

पुस्तक काखेत मारून मी दोस्ताच्या दारात गेलो. चौदा वर्षांनी. त्यानं दार उघडलं, पुस्तक बघितलं, मला आत घेतलं आणि लगेच भांडायला लागला. तो बदलला नव्हता. म्हणाला, "नावच चुकलंय. भीमायन? आपल्याला अयन कशाला? ज्या पोथ्या त्यानं झुगारल्या त्यांच्यासारखं नाव त्याच्याच गोष्टीला?" मी म्हणालो, मुद्दा बरोबर आहे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. पण मग देव कुणी केलाय त्यांचा? पाण्यासाठी तळमळणारं पोर काढणाऱ्यांनी, की बारा फुटी कोट काढणाऱ्या मी?

तो गप्प झाला. मग दुसरा मुद्दा काढला. "लिहिणारे आपल्या वस्तीतले नाहीत. काढणारेही नाहीत. आपलं दुःख दुसऱ्यानं का सांगावं?" हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. असावाच. माझं उत्तर असं आहे, पटलं तर घ्या. आपलं आपण सांगितलं पाहिजे, यात तडजोड नाही. पण सांगायला आलेल्यानं काय केलं तेही बघा. या नवराबायकोनं सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही माणसांना चौकटीत कोंडणार नाही, ती गुदमरतात. पुस्तक लिहिणाऱ्यांनी ते ऐकलं. संहिता आली आणि तिला नुसती चित्रं जोडली, असं झालं नाही. चित्रानं गोष्टीचा आकार बदलला. याला म्हणतात एकत्र काम. एकानं दुसऱ्याला आपल्या चौकटीत बसवलं नाही. जंगलातून हुसकलेल्या माणसाला तळ्यावरून हुसकलेल्या माणसाची तहान कळली, आणि ती त्यानं स्वतःच्या आजीच्या नक्षीत काढली. कोटाची नक्कल केली नाही.

दोस्त बराच वेळ पानं चाळत बसला. शेवटी म्हणाला, "तुझ्या आजीच्या भिंतीवर विहीर होती ना?" ही गोष्ट मी त्याला एकदाच, पोरवयात सांगितली होती.

पुढच्या मार्चमध्ये, 20 तारखेला, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसासाठी आम्ही वीस फुटी कापड घेतलं. मी ग्राफ पाडला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कोऱ्या कापडापुढं उभा राहिलो आणि घाबरलो. हात चौकट शोधत होता. मग वस्तीतल्या पाच म्हाताऱ्या बोलावल्या. त्या आधी हसल्या. "आमाला कुटं येतंय?" म्हणाल्या. गेरू कालवून पुढं ठेवला तर एकीनं न बोलता बोट बुडवलं आणि पिंपळपान काढलं. मग थांबेनात. मी चवदार तळं काढलं, त्यात मासे सोडले. दोस्तानं ओळी लिहिल्या, पण खाली नाही, पाण्याच्या लाटांवरनं. कुठली ओळ कुठं वळवायची यावरनं आम्ही तीन रात्री भांडलो. एका म्हातारीनं दोन ओळी खोडायला लावल्या. म्हणाली, "हितं लई बोलतोय. बायांना पानी पिऊ दे." त्यानं खोडल्या. माझी एक मूर्ती तिनं तशीच पुसायला लावली. कोटवाली. मी पुसली.

काठावर, गर्दीत, घागर घेतलेली एक म्हातारी मी काढली. जमली नाही. आजीची रेघ माझ्या बोटात उतरत नाही. नऊ वर्षांत एनॅमल जमलं, तीस वर्षांत ग्राफ जमला, पण ते 'टेकवणं' गेलं ते गेलं. पुसलेली भिंत परत येत नाही, दोस्तहो. तुम्ही मला टाळ्या द्याल, पण ते घ्यायला म्हातारी नाही.

म्हणून तुम्हांला दोनच कामं सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आजी अजून आहे. गावी असेल, झोपडीत असेल, माळ्यावर खोकत पडली असेल. तिला विचारा, तू भिंतीवर काय काढायचीस? जात्यावर काय म्हणायचीस? हातात खडू द्या. मोबाइल आहे ना, फोटो काढून ठेवा. आणि फोटोखाली तिचं नाव घाला, पुरं नाव.

दुसरं, बाबासाहेब काढा, जरूर काढा. पण फ्लेक्समधून ओकलेला नको, माझ्या ग्राफमधला नको. तहानलेला काढा, बागेत एकटा बसलेला काढा, टांग्यातून पडलेला काढा. कोटाच्या आतला माणूस काढा. एकट्यानं काढू नका. लिहिणाऱ्याला बोलवा, गाणाऱ्याला बोलवा, भांडा.

त्या कापडाच्या कोपऱ्यात आठ नावं आहेत. पाच म्हाताऱ्या, भाची, दोस्त, आणि शेवटी मी. आठवं नाव लिहिताना जागा कमी पडली, म्हणून माझं बारीक लिहिलं. चाललं.

जयभीम.